सोवळ्यातले स्वातंत्र्य आणि घरातला कापूस

तालुक्याच्या बैठकीत परवा एक ठराव आला. तीन ओळींचा. कापसाची सरकारी खरेदी केंद्रे वेळेवर सुरू करावीत, ओलाव्याची अट गाडी परत पाठवण्याची सबब म्हणून वापरू नये, आणि चुकारा आठ दिवसांत द्यावा. ठराव मांडणारा पाच एकर कोरडवाहूचा धनी. यात वाद घालण्यासारखे काही आहे असे त्यालाही वाटले नसावे. पण आमचाच एक चांगला वाचलेला कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "आपण खुल्या बाजारवाले. सरकारने कापूस घ्यावा ही मागणी आपल्या तोंडी शोभत नाही. सरकारने बाजारातून चालते व्हावे, एवढीच आपली मागणी." टाळ्या पडल्या. लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, "मग अर्धवट कशाला मागता? हमीभावाचा कायदाच करा म्हणा. त्याखाली घेणाऱ्या व्यापाऱ्याला आत टाका." त्यालाही टाळ्या पडल्या. त्यातले काही हात तेच होते.

ठराव लांबणीवर पडला. पाच एकरवाला जाताना आम्हाला म्हणाला, "खोलीभर कापूस पडला आहे. पोरांच्या अंगाला खाज सुटली. तुमचं तत्त्व ठरेपर्यंत निजू कुठं?"

जिल्हा मेळाव्यात हा ठराव पुन्हा येणार आहे. त्याआधी आमचे म्हणणे लिहून ठेवतो. कोणाला झोंबले तर मेळाव्यात उठून उत्तर द्यावे.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, सोवळ्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. सोवळ्यातल्या माणसाने कशाला शिवायचे नाही. लाकडे दुसऱ्याने फोडायची, शेण दुसऱ्याने काढायचे, आणि सोवळे याचे टिकायचे. आपल्या चळवळीत स्वातंत्र्याचे असे सोवळे नेसलेले काही लोक तयार झाले आहेत. त्यांचे वाचन दांडगे आहे, नियत साफ आहे. पण सरकारचा वारा लागलेली कोणतीही मागणी त्यांना विटाळ वाटते. खरेदी केंद्र नको, अर्ध्या सुधारणेचा कायदा नको, कोणाशी बोलणी नकोत. पुरे स्वातंत्र्य द्या, नाहीतर आम्ही घरी बसतो. घरी बसणे ज्याला पहिल्या तारखेला पगार मिळतो त्याला परवडते. आमच्यातल्या काहींनी कृषी पदवी घेऊन काही वर्षे असा पगार खाल्ला आहे, म्हणून हे अनुभवाने सांगतो. त्या दिवसांत आमचीही तत्त्वे फार स्वच्छ होती.

आपली चळवळ उभी राहिली कशावर? १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसासाठी रस्ते अडले, १९८१ साली निपाणीला तंबाखूसाठी. मागणी एकच, उत्पादन खर्च भरून निघेल असा रास्त भाव. तो कोणाकडे मागितला? सरकारकडे. पुस्तकी स्वातंत्र्यवाद्याने ही मागणी पहिल्याच दिवशी नापास केली असती. भाव बाजार ठरवतो, सरकार कोण भाव देणार, असे त्याने सुनावले असते. शरद जोशींना हे कळत नव्हते असे कोणी म्हणणार आहे काय? त्यांना हेही कळत होते की बाजारात सरकार आधीच शेतकऱ्याच्या छातीवर बसले आहे. ज्वारीची लेव्ही होती, जिल्हाबंदी होती, निर्यातबंदी होती. भाव पाडण्याचे काम सरकारच करत होते. चोराकडे आपला बैल परत मागणे याला भीक म्हणत नाहीत. पुढे २०१८ साली ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी मिळून केलेल्या अभ्यासातही तेच निघाले. २००० नंतरच्या सोळा-सतरा वर्षांचा हिशेब मांडला तर भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार उणे १४ टक्के. खते, वीज, कर्जमाफी सगळे धरून उणे.

आणि कापसाचे तर विचारूच नका. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी आली. अख्ख्या राज्यात कापूस घेणारा एकच, सरकार. व्यापाऱ्याला दिला तर गुन्हा, राज्याची हद्द ओलांडली तर गुन्हा. आदिलाबादला भाव चढा असला की यवतमाळ-नांदेडकडच्या गाड्या रात्री निघायच्या, आणि स्वतःच्या शेतातला कापूस नेणाऱ्याला तस्कर म्हणायचे. केंद्रावर ग्रेडर चिमूटभर कापूस हातात घेऊन प्रत ठरवायचा आणि घरच्या वर्षाचा निकाल लावायचा. चुकारा हप्त्यांनी यायचा. जुन्या मंडळींना आठवत असेल, गाडीखाली झोपून तीन-तीन रात्री काढल्या आहेत.

त्या दिवसांत चळवळीने काय केले? त्याच योजनेत भाव वाढवून मागितला, आणि पुढे योजनेबाहेर विकण्याचा हक्कही मागितला. डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगावला कापसाच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. ते सरकारी भावासाठीच रस्त्यावर आले होते. त्यांची मागणी अशुद्ध होती, असे सुरेगावात उभे राहून म्हणण्याची कोणाची छाती आहे?

२००० नंतर एकाधिकार हजारो कोटींच्या तोट्याखाली बसला आणि खासगी खरेदी मोकळी झाली. तीस वर्षे ज्यांनी त्या योजनेशी रोज भांडण केले त्यांच्यामुळे तिचे पितळ उघडे पडले. तिला शिवायचेच नाही म्हणून दूर बसणाऱ्यांचा त्यात काडीचा वाटा नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे काहीही चालते का? मिळेल ते घ्यावे, भेटेल त्या पक्षाच्या मांडवात जाऊन बसावे? तसे नाही. तडजोड पुढे आली की आम्ही एकच विचारतो. ही झाल्यावर शेतकऱ्याला विकायला, पेरायला, माल न्यायला एक दार जास्त उघडते की आहे ते बंद होते? दार उघडत असेल तर अर्धे का होईना, पाय आत घालावा. बंद होत असेल तर कितीही पैसे दाखवले तरी हात लावू नये. ठराव याच मापाने मोजू.

खरेदी केंद्र हे दार आहे. शेजारी व्यापारी आहे, जिनिंगवाला आहे, खेडा खरेदीवाला आहे. केंद्र उघडे असले की तेही चार पैसे वर चढतात, हे कोणत्याही गावात विचारा. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता आणि खुल्या बाजारात कापूस त्याखाली जात होता. केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. परतीचा पाऊस लांबला तर पहिल्या वेचणीचा कापूस १२ च्या आत येणार कसा, हे दिल्लीतल्या वातानुकूलित खोलीत कोणाला ठाऊक? त्यात मोबाइलवर नोंदणीची अट. ज्याच्या सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढलेले नाही त्याने काय करायचे? यावर भांडले पाहिजे. जोवर सरकार आमच्या भावात हात घालते तोवर त्याने पाडलेल्या भावाची भरपाई मागणे हा आमचा हक्क आहे. हात काढून घेतला की केंद्रही न्यावे. ठरावात तेवढी एक ओळ जास्तीची घाला, म्हणजे आमच्या वाचलेल्या मित्रांचे समाधान होईल आणि पाच एकरवाल्याची खोलीही मोकळी होईल.

दुसऱ्या कोपऱ्यातला जो आवाज होता, हमीभावाचा कायदा करून व्यापाऱ्याला आत टाकण्याचा, तो ऐकायला गोड आहे. त्याने दार बंद होते. हे तर्काने सिद्ध करायचीही गरज नाही, आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि ५० हजार रुपये दंड. झाले काय? व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, बाजार समित्या ओस पडल्या. पोळा तोंडावर, मूग-उडीद निघण्याची वेळ, आणि घेणारा कोणी नाही. शेवटी असा कायदा लागूच नाही, असा खुलासा करण्याची वेळ सरकारवर आली. व्यापारी तुरुंगाच्या भीतीने जास्त भाव देत नाही, तो दुकान बंद करतो. मग घेणारा उरतो एकटे सरकार, म्हणजे पुन्हा १९७२. ज्यांना एकाधिकाराची हौस उरली असेल त्यांनी एकदा घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे.

सोवळेवाले आणि हे कायदेवाले एकमेकांचे वैरी दिसतात. पाच एकरवाल्याला मात्र दोघेही एकच सांगतात, थांब.

ज्वारीकडे वळू. कोरडवाहूत ज्वारी का मागे पडली? आमच्या शिक्षणात याची कारणे खोडमाशी, कणसावरची बुरशी, पावसाचा खंड अशी शिकवली. तीही खरी आहेत. पण रेशनवर वर्षानुवर्षे स्वस्त गहू-तांदूळ आला, १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी फुकटच झाला, आणि भाकरी खाणारा माणूसच सरकारने पळवला. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३६९९ रुपये छापला गेला, पण कागदावरच्या भावाला ताट लागते. २०२३ साली राज्य सरकारने छत्रपती संभाजीनगर व अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये द्यायचे ठरवले. केंद्राकडून धान्य मिळेना म्हणून ठरवले, आपल्या प्रेमाने नव्हे, ते असो. आमच्यातले काही म्हणाले, खैरात ती खैरात, धान्याची काय आणि रोखीची काय. आम्ही म्हणतो, फरक आहे. पोत्यात सरकारने निवडलेले धान्य असते. रोख रकमेने घरची बाई बाजारात जाऊन ज्वारी घेऊ शकते, तूर घेऊ शकते. दीडशे रुपये फार थोडे होते. पण दार उघडते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही भोळे ठरू. काही तडजोडी वरून गोड दिसतात आणि दोर आवळतात. अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन हे बाजारस्वातंत्र्याचे मोठे वकील होऊन गेले. महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या सुमारास, सरकारी नोकरीत असताना त्यांनी पगारातूनच कर कापून घेण्याची व्यवस्था बसवायला मदत केली. युद्धापुरती सोय म्हणून. युद्ध संपले, कपात राहिली, आणि सरकारला पैसा उपसण्याचा कायमचा पाट मिळाला. पुढे त्यांनी त्याबद्दल खेद केला. त्यांच्याच गोटातल्या मरे रॉथबार्ड यांनी त्यांना त्यावरून झोडपले. रॉथबार्ड तेवढ्यापुरते बरोबर होते, असे आम्हालाही वाटते.

आपल्याकडचे उदाहरण बियाण्याचे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ ला बीजी-दोनचे पाकीट देशभर ८०० रुपये ठरले आणि तंत्रज्ञानाचा मोबदला ४९ रुपयांवर आणला. आपल्यातल्या कितीतरी जणांनी पेढे वाटले. त्याच वर्षी मोन्सँटोच्या इथल्या भागीदार कंपनीने पुढच्या, तणनाशक सहन करणाऱ्या वाणाच्या परवानगीचा अर्ज मागे घेतला. मग ते बियाणे कसे आले? चोरवाटेने, बिनबिलाचे, बिनलेबलचे. पाकिटामागे थोडे वाचले आणि दार बंद झाले. भेसळीचे पाकीट निघाले तर तक्रार कोणाकडे करणार? जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी ते बियाणे उघडपणे पेरले. त्या वेळच्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होता, तरी पेरले.

इथे पदवीला जागून एक गोष्ट सांगतो. या बियाण्याने कोरडवाहूत उत्पादन दुप्पट होते असे जो सांगतो तो खोटे बोलतो. निंदणीचा खर्च वाचतो, मजूर मिळत नाहीत तेव्हा पीक वाचते, एवढेच. गुलाबी बोंडअळी बीजी-दोनला पचवून बसली आहे, ती याने जाणार नाही. फरदड ठेवणे बंद केल्याशिवाय तर नाहीच. पण पेरायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याची जमीन त्याचा.

२०२० च्या तीन कायद्यांवर तर सोवळ्यांनी कहर केला. कायदे अपुरे होते, यात वाद नाही. जीवनावश्यक वस्तू कायदा पुरता गेला नव्हता. नाशवंत मालाचा भाव दुप्पट झाला किंवा धान्याचा दीडपट झाला की साठ्यावर मर्यादा आणण्याची सोय ठेवली होती. व्यवहाराचा तंटा दिवाणी न्यायालयाऐवजी प्रांताधिकाऱ्याकडे दिला होता. ज्या साहेबाच्या दारात फेरफाराची नोंद वर्षभर पडून राहते तोच न्यायाधीश! आणि सरकारची नियत पाहा. लोकसभेत विधेयके चर्चेला असतानाच १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात बंद केली. सोवळेवाले म्हणाले, हे स्वातंत्र्य नव्हेच, आम्ही याच्या बाजूने उभे राहणार नाही. तरीही बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याचे दार देशभर त्यात होते. ते घेऊन प्रांताधिकाऱ्याच्या कलमावर भांडण लावता आले असते. आमचीही चूक कबूल करतो. दार दिसले या आनंदात त्या कलमाविरुद्ध जेवढ्या जोराने बोलायला हवे होते तेवढे आम्ही बोललो नाही. १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, नोव्हेंबरात कायदे मागे गेले. विरोधकांचा आवाज मोठा होता आणि आपले निम्मे लोक सोवळे सांभाळत बसले होते.

इंग्लंडात धान्याच्या आयातीवरचे कर उठवण्यासाठी रिचर्ड कॉब्डेन आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षे चळवळ केली. मागणी होती संपूर्ण आणि तत्काळ. १८४६ साली पंतप्रधान पील यांनी कायदा आणला तो तीन वर्षांत टप्प्याने कर उतरवण्याचा. कॉब्डेनवाल्यांनी तो नाकारला नाही. मागणी पूर्ण ठेवली आणि हाती आला तो टप्पा घेतला. १८४९ ला कर नावापुरता उरला.

राजकारणाच्या सोयरिकीबद्दल थोडक्यात. राजाजी, रंगा, मसानी यांनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढला, काँग्रेसच्या नागपूर ठरावातल्या सहकारी शेतीला उत्तर म्हणून. त्या पक्षाची एक रीत घेण्यासारखी होती. मूळ तत्त्वे सोडून बाकी सगळ्या प्रश्नांवर सभासदाला आपले मत ठेवण्याची मोकळीक. सोवळे आतल्या चार गोष्टींचे, बाकी ओवळे चालेल. १९६७ ला लोकसभेत ४४ जागा आल्या. १९७१ ला इंदिराबाईंविरुद्धच्या बड्या आघाडीत शिरले आणि ८ वर आले. त्या आघाडीत शेतकऱ्याचे कोणते दार उघडणार होते? कोणतेच नाही. १९७४ ला पक्ष दुसऱ्यात विरला. शरद जोशी २००४ ते २०१० राज्यसभेवर होते, दुसऱ्या पक्षांच्या पाठिंब्याने. त्यावर आमच्यात आजही दोन मते आहेत. मात्र ९ मार्च २०१० ला महिला आरक्षणाच्या विधेयकावर १८६ विरुद्ध १ असे मतदान झाले, तेव्हा तो एक म्हणजे जोशी. त्यांचे मत तुम्हाला पटो न पटो, खुर्ची दुसऱ्यांनी दिली म्हणून त्यांनी मत विकले नाही एवढे नक्की.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी घेतो, कारण मेळाव्यात तोच पेटणार आहे. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आपली वेचणी घरात येण्याच्या काळात. आपण ओरडलो. सोवळेवाले म्हणाले, अरे, खुला व्यापार आपले तत्त्व, मग ओरडता कशाला? प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. शुल्काची भिंत कायमची मागणे आम्हाला मान्य नाही. ज्या दिवशी आपण ती मागू त्या दिवशी गिरणीवालेही आपल्यासाठी भिंत मागतील, आणि भिंती बांधण्याच्या खेळात शेतकरी कधी जिंकलेला नाही. पण व्यापार दोन्ही बाजूंनी खुला असतो. एप्रिल २०१० मध्ये आणि मार्च २०१२ मध्ये भाव चढा होता तेव्हा याच दिल्लीने कापसाची निर्यात रोखली होती. भाव चढला की दार बाहेरून लावायचे आणि पडला की आतून उघडायचे, याला खुला व्यापार म्हणतात काय? ब्राझीलचा शेतकरी हेक्टरी आपल्या चौपट रुई काढतो. त्याचा पाऊस वेगळा, जमीन वेगळी, ते मान्य. पण हवे ते बियाणे तो दुकानातून बिल घेऊन आणतो. आम्हाला त्यासाठी रात्री कोणाच्या तरी मागच्या दाराने जावे लागते. एकाचे हात बांधून कुस्ती लावायची आणि वर मैदान सर्वांना खुले आहे म्हणायचे.

म्हणून आमची ओळ अशी असेल. निर्यातबंदी आणि साठेबंदी पुन्हा लादणार नाही हे कायद्याने बांधून द्या, बियाण्याची निवड मोकळी करा, आणि त्याच दिवशी शुल्क शून्य करा. तोवर शुल्क उठवून होणाऱ्या नुकसानीचा हिशेब आम्ही मागणार, आणि खरेदी केंद्रही मागणार. ही ओळ सोवळ्यांना ओवळी वाटेल आणि कायदेवाल्यांना मिळमिळीत. वाटो.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने २०२५ च्या हंगामातल्या काटापट्ट्या आणाव्यात. केंद्राची असो, जिनिंगची असो, खेडा खरेदीवाल्याच्या चिठ्ठीवर लिहिलेली असो. ओलावा किती लावला, कपात किती झाली, चुकारा किती दिवसांनी आला, एवढे मागच्या बाजूला लिहून आणा. ज्यांची गाडी परत फिरली त्यांनी गाडीभाड्याची रक्कमही लिहावी. ठराव पहिल्या सत्रातच घेऊ. पाच एकरवाला मांडणार आहे, त्याला आधी बोलू द्या.